पानाचे कान

निशी-कसाई, टोकियो
६ एप्रिल २००४

तीर्थरूप चंद्रहासमामा,

साष्टांग नमस्कार. समोर असता तर माझा गुडघा कुरकुरला असता, पण पत्रात मी अगदी पूर्ण वाकले आहे.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ई-मेलला तुम्ही पत्र मानत नाही, म्हणून फोंड्याला येणारं हे माझं आठवं पत्र. आज मात्र ख्यालीखुशाली नाही, बातमी आहे. मला नोकरी लागतेय. पूर्ण नाही, अर्धी. इथे असल्या अर्ध्या नोकरीला बाइतो म्हणतात. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या आम्हा बायकांना परवानगी काढून आठवड्याला अठ्ठावीस तास काम करता येतं, हे मला कळायलाच वर्ष गेलं. हरीश बँकेच्या कॉम्प्युटरांत बुडालेला असतो आणि मी पंधरा महिने नुसती 'हरीश-सानची ओकुसान', म्हणजे हरीशची बायको. जळणारा कचरा आणि न जळणारा कचरा वेगळा करण्यात मी इतकी तरबेज झालेय की शेजारीण मला शंका विचारायला येते. यापलीकडे या देशात माझी कीर्ती नाही.

नोकरी कुठे, तर पानाच्या दुकानात. स्टेशनच्या पलीकडे ओनिशी-सान म्हणून सत्तरीचे गृहस्थ आहेत, चाळीस वर्षं पान बनवताहेत. मामा, इथल्या पानाचं मला वेड लागलंय. सकाळी पान, दुपारी पान. हरीशला उशीर झाला की तो पान तोंडात धरूनच गाडी पकडायला पळतो. काळसर गोड सारण भरलेलं पान असतं, खरबुजाचं पान असतं, एक तळलेलंही असतं आणि त्यात आत झणझणीत काहीतरी घातलेलं असतं. गरम पान हातात पडलं की घरी येईपर्यंत मला धीर निघत नाही, मी दुकानाबाहेर उभी राहूनच खाते. उरलेले पानाचे कान ओनिशी-सान पिशवीत भरून मला तसेच देऊन टाकतात. ते मी कुरकुरीत तळते आणि वर साखर भुरभुरते.

एक जूनपासून ये म्हणालेत. मेअखेर पक्कं सांगायचंय. अडचण एकच आहे, ठाण्याला सासूबाईंना अजून काही सांगितलेलं नाही. हरीश म्हणतो मी आईच्या कानावर घालतो, पण रविवारी फोनवर त्याच्या तोंडून 'हो आई' याखेरीज काही निघत नाही. सप्टेंबरात त्या तीन महिने आमच्याकडे राहायला येणार आहेत. त्याआधी सगळं गोडीगुलाबीनं व्हायला हवं. तोवर तुम्ही कुठे बोलू नका.

तुमची लाडकी (हे तुम्हीच म्हणता),
वृंदा

*

फोंडा, गोवा
१९ एप्रिल २००४

चि. वृंदास,

आशीर्वाद आहेतच, पण आज त्यांच्याआधी माझा राग तुझ्यापर्यंत पोचावा.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. दुसऱ्यांदा चष्मा पुसून वाचलं. तू जपानात जाऊन पान खायला लागलीस? तेही दिवसातून दोनदा, रस्त्यात उभी राहून? आणि हरीशराव तोबरा भरून आगगाडीत चढतात? तो देश एवढा स्वच्छ म्हणतात, मग ते पिंक कुठे टाकतात, हे मला कुणी समजावून सांगेल काय?

पान कसं असावं, तर गार, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं. गरम पान, तळलेलं पान हे मी अडुसष्ट वर्षांत ऐकलेलं नाही. काळसर गोड सारण म्हणजे किमाम, हे न कळण्याइतका मी भोळा नाही. कान म्हणजे बहुधा देठ. शहाणी माणसं देठ खुडून टाकतात आणि माझी भाची ते तळून साखर घालून खाते, इथवर मजल गेली आहे. दातांचं काय होईल याचा विचार केलास का? तुझ्या आईचे दात शेवटपर्यंत मोत्यांसारखे होते.

ती गेल्यापासून तुला माहेर म्हणजे मीच. म्हणून जे करायला हवं ते मी केलं. लीलावतीबाईंना ठाण्याला पत्र टाकलं. घरातली आंतर्देशीय पत्रं संपली होती, तेव्हा पोस्टकार्डच टाकलं. 'आपली सून टोकियो मुक्कामी पानाच्या आहारी गेली असून तेथील एका वृद्ध पानवाल्याच्या ठेल्यावर नोकरीस राहण्याच्या बेतात आहे, तरी कृपया लक्ष घालावे' एवढंच लिहिलं. बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, म्हणून अक्षर चांगलं ठळक काढलं.

कुठे बोलू नका असं तू म्हणाली होतीस. मी बोललो नाही, लिहिलं.

तुझाच,
चंद्रहासमामा

*

निशी-कसाई
१ मे २००४

मामा,

नमस्कार पुढच्या पत्रात करीन. आज हात नुसते कपाळावर आहेत.

पान म्हणजे पाव हो. आपला पाव. तुमच्या दारात पोदेर सायकलवरून भोंपू वाजवत आणतो तोच. जपानीत पावाला पान म्हणतात. पंधरा महिने दुकानात 'हे पान द्या, ते पान द्या' करून करून पाव हा शब्दच माझ्या तोंडातून निघून गेला, आणि पत्र लिहिताना तो परत आला नाही. खरबुजाचं पान म्हणजे वर खरबुजासारख्या रेघा असलेला गोड पाव. काळं सारण उकडून गोड केलेल्या कडधान्याचं, आपल्या पुरणाचं लांबचं भावंड. आणि कान म्हणजे पावाच्या कापलेल्या कडा. इथे कडांना कानच म्हणतात, त्यात माझा काय दोष?

तुमच्या ठळक अक्षराचा फार उपयोग झाला. ते पोस्टकार्ड आधी पोस्टमननं वाचलं, मग सोसायटीच्या सेक्रेटरींनी, मग शेजारच्या नुपूरनं, आणि सगळ्यांचं वाचून झाल्यावर सासूबाईंनी. त्यांनी तडक हरीशच्या ऑफिसात फोन लावला. त्या ऑफिसात टाचणी पडली तरी लोक मान वर करतात. तिथे हा उभा राहून, रिसीव्हर कानाला लावून, कमरेत वाकून 'हो आई, नाही आई, थुंकत नाही आई' म्हणत होता. मराठी कळणारं तिथे कुणी नाही हीच देवाची कृपा.

मी त्यांना फोन करून नीट सांगितलं. पान नाही, पाव आहे. मला वाटलं त्या हसतील. त्या आणखी गार झाल्या. म्हणाल्या, मग तर अधिकच वाईट. पीठ पायांनी तुडवतात म्हणून त्याला पाव म्हणतात. त्यांच्या सासूबाईंनी तो घरात येऊ दिला नाही, त्यांनीही पस्तीस वर्षं आणला नाही, आणि आता घरची सून परमुलखात तो विकणार? मी म्हटलं, ओनिशी-सानच्या दुकानात मळायला मशीन आहे आणि ते तोंडाला मास्क लावतात, तिथे पाय कुठून येणार? त्या म्हणाल्या, शब्द उगाच पडत नाही. दुकानाचा नाद सोडणार असशील तर मी सप्टेंबरात येते, नाहीतर माझं तिकीट काढू नका.

हरीश म्हणतो, तू म्हणशील तसं. पण म्हणताना चेहरा असा करतो की माझ्याच्यानं काही म्हणवत नाही. वडील गेल्यापासून सहा वर्षं आई त्या घरात एकटी आहे, हे तो विसरत नाही. मीही विसरत नाही.

मामा, हे भांडण शब्दाचं आहे आणि माझ्याकडे शब्दांचा माणूस एकच आहे. पणजीच्या लिसेव शाळेत पोर्तुगीज राजवटीत लॅटिन शिकलेले तुम्ही. तुम्हीच घातलेला गोंधळ तुम्हीच निस्तरा. मला हे काम फार हवं आहे. परवा पान घ्यायला गेले होते, तेव्हा ओनिशी-साननी मला जरा ट्रे उचलायला हाक मारली, 'वृंदा-सान'. पंधरा महिन्यांत या देशात माझं नाव परक्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. घरी येईपर्यंत मी ते मनात घोळवत होते.

वृंदा

*

ठाणे स्टेशन, फलाट क्रमांक सात
१६ मे २००४

चि. वृंदास,

ही माझी जागा म्हणजे एक बाक, आणि हे पत्र मांडीवरच्या लॅटिन कोशावर ठेवून लिहिलेलं. अक्षर गचके खाईल.

पोस्टकार्डाबद्दल तुझी माफी मागतो. पत्र मिळाल्या दिवशीच कोकण रेल्वेचं तिकीट काढलं. लीलावतीबाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "या, पोस्टकार्डवाले." त्यांचा आवाज असा खणखणीत आहे की मला एकेक अक्षर ऐकू आलं.

चहा झाल्यावर मी कोश उघडला. म्हटलं, विहीणबाई, पावाचा आणि पायाचा काही संबंध नाही. रोमी लोकांच्या लॅटिनमध्ये पावाला पानिस म्हणत. रोमचं राज्य मोडलं, पण शब्द मोडला नाही, तो घरोघर गेला आणि जिथे गेला तिथलं पाणी प्याला. इटलीत पाने झाला. स्पेनमध्ये शेपूट गळून पान झाला. फ्रान्सात नुसता पँ उरला, तोही सर्दी झाल्यासारखा. पोर्तुगीजांनी त्यातला न नाकात घातला आणि पांव केलं. हा पांव जहाजात बसून निघाला. गोव्यात उतरला, तेव्हा आपण त्याचं नाक काढून घेतलं आणि पाव केला. तीच माणसं पुढे जपानच्या दक्षिणेला उतरली. जपान्यांनी नाक जपून ठेवलं आणि पान केलं. म्हणजे तुमच्या सुनेचं पान आणि आमच्या पोदेराचा पाव ही सख्खी भावंडं. खुद्द पोदेर हा शब्दही त्याच घरातला.

बाई ऐकत होत्या, पण हार मानणाऱ्यांतल्या नव्हेत. म्हणाल्या, मग पायाचं काय? मी म्हटलं, पायाशी नातं असलेला पाव वेगळा. संस्कृतात पाद म्हणजे पाय, आणि पाद म्हणजे चौथा हिस्साही. त्यातून आला तो पाव किलो, पाव लिटर. ज्या पावाचा पायाशी संबंध आहे, तो तुम्ही रोज सकाळी दूधवाल्याकडून पातेल्यात घेता. यावर बाईंनी हातातल्या कपाकडे पाहिलं आणि तो खाली ठेवला. मला वाटलं, जिंकलो.

तिथेच मी थांबायला हवं होतं. पण मला चढलं होतं. मी म्हटलं, इंग्रजांची तर गंमतच आहे. त्यांनी हा पाव घेतला नाही, पण पाव ठेवायची खोली घेतली, पँट्री. आणि आणखी एक शब्द घेतला, जो तुमचा मुलगा दिवसातून शंभर वेळा उच्चारतो. कोम म्हणजे बरोबर आणि पानिस म्हणजे पाव. ज्याच्याबरोबर बसून आपण पाव खातो तो कोम्पानिओ, सोबती. फ्रेंच लोक मित्राला कोपँ म्हणतात ते यावरूनच, जर्मन लोक गड्याला कुम्पान म्हणतात तेही. आणि अशा सोबत्यांचा मेळा म्हणजे कंपनी. आपल्यावर राज्य करून गेली ती कंपनी सरकारसुद्धा मुळात शेजारी बसून पाव खाणाऱ्यांची.

बाईंनी विचारलं, "कंपनी म्हणजे एकत्र जेवणारे?" मी म्हटलं, होय.

त्या उठल्या. चेहरा असा झाला होता की मी कोश मिटला. स्वयंपाकघरात गेल्या आणि आल्याच नाहीत. मी तीनदा मोठ्यानं 'निघू का?' म्हणून विचारलं. त्यांनी उत्तर दिलं असेल तर मला ऐकू आलं नाही. अर्धा तास भिंतीवरच्या घड्याळाशी गप्पा मारून मी दार ओढून घेतलं आणि निघालो. बाई दुखावल्या आहेत. बहुधा कंपनी सरकारचं नाव मध्ये आणायला नको होतं. त्यांचे वडील स्वातंत्र्यसैनिक होते की काय?

पोरी, मी हरलो. माझी छत्रीसुद्धा तिथेच राहिली. परत मागायला जायचं धाडस नाही.

तुझा अपराधी,
मामा

*

निशी-कसाई
२६ मे २००४

तीर्थरूप मामा,

आज दोन नमस्कार. एक मागच्या पत्रातला राहिलेला.

तुमचं पत्र मी हरीशला मोठ्यानं वाचून दाखवलं. 'सर्दी झाल्यासारखा पँ' इथे तो हसून हसून चटईवर आडवा झाला. मी कंपनीपाशी आले आणि तो उठून बसला. म्हणाला, आमच्या कंपनीत आम्ही चाळीस जण आहोत आणि प्रत्येक जण आपापल्या स्क्रीनकडे बघत एकेकटा खातो. मग म्हणाला, आई दोन रविवार फोनच उचलत नाहीये. शेजारच्या नुपूरनं सांगितलं की ती ठीक आहे, रोज संध्याकाळी कुठेतरी बाहेर जाते, पण कुठे ते सांगत नाही.

मी उठले, चप्पल घातली, आणि ओनिशी-सानच्या दुकानात जाऊन हो म्हणून आले. हरीश माझ्या मागोमाग दुकानापर्यंत आला आणि बाहेर उभा राहिला. मला तेवढं पुरलं. सासूबाईंना तो सांगणार आहे, आणि या खेपेला 'हो आई' म्हणणार नाही, अशी त्यानं शपथ घेतलीय. आरशासमोर सराव चालू आहे.

दुकानात मी ओनिशी-सानना तुमची पानिसची गोष्ट सांगितली, माझ्या मोडक्या जपानीत, हातवारे करत. त्यांना वाटत होतं पान हा शब्द इंग्रजी आहे. चाळीस वर्षं! आणि पिशवीवर त्यांनी हौसेनं इंग्रजीत पान असं छापलंय, ज्याचा अर्थ इंग्रजीत तवा होतो. हे मी त्यांना सांगितलं नाही. नोकरीचा पहिला दिवस अजून यायचाय. बाइतो हा शब्दसुद्धा जपानी नाही, जर्मन आहे, हे मात्र त्यांनी मला सांगितलं. म्हणजे मी मराठी बाई, जर्मन शब्दाची नोकरी धरून, पोर्तुगीज शब्दाचं दुकान जपानात चालवणार. मला सकाळपासून उगाचच हसू येतंय.

पण मामा, सासूबाई आल्या नाहीत तर हे हसू टिकायचं नाही. त्यांना दुखवून मिळवलेलं काम मला गोड लागणार नाही, हेही खरं आहे. तुम्ही हरला नाहीत. आता जे केलंय ते मी केलंय.

वृंदा

*

ठाणे
३० मे २००४

चि. सौ. वृंदास,

अनेक आशीर्वाद. पत्र लिहायची सवय राहिली नाही, चूकभूल समजून घे.

परवा हरीशचा फोन आला. तू मला न विचारता होकार दिलास असं त्यानं सांगितलं. आधी तीन वेळा 'आई, ऐक' म्हणाला आणि मग एका दमात बोलला. जन्मात पहिल्यांदा माझ्या मुलानं मला पूर्ण वाक्य सांगितलं. मी नुसतं बरं म्हटलं, कारण फोनवर मला रडायचं नव्हतं.

तुझ्या मामांना कळव, मी रागावले नव्हते. लग्नाआधी आठ महिने मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होते. हे हरीशलाही ठाऊक नाही. दुपारी कँटीनमध्ये आम्ही पाच जणी एका बशीभोवती बसायचो. मस्का लावलेला पाव, चहात बुडवून. एकीचा तुकडा चहात पडला की बाकीच्या इतक्या हसायच्या की सुपरवायझर येऊन उभी राहायची. लग्न ठरलं, नोकरी सुटली. सासूबाई म्हणाल्या पावात पाय असतो, आणि मी पाव सोडला. पायाचं खोटं आहे हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण तेच खरं धरलं की जीवाला कमी लागायचं. तुला तेच ऐकवलं, याची मला लाज वाटते.

मामा म्हणाले, कंपनी म्हणजे एकत्र बसून पाव खाणारे. ऐकलं आणि ती बशी डोळ्यांसमोर आली. मी स्वयंपाकघरात गेले आणि मागच्या दारानं निघून थेट नाक्यावरच्या बेकरीत पोचले, मामांना पाव खाऊ घालावा म्हणून. ताजी लादी यायची होती, थांबावं लागलं. परत येते तो मामा पळालेले, छत्री टाकून. मग मी एकटीच बसून दोन पाव खाल्ले, चहात बुडवून. पदरावर चहा सांडला. हसायला कुणी नव्हतं.

तेव्हा लक्षात आलं. घर भरलेलं होतं तेव्हा मी सगळ्यांना वाढून शेवटी जेवले. आता कुणी नाही तर पहिली जेवते. म्हणजे दोन्ही वेळा एकटीच. तुम्हा दोघांशी तेव्हा फोनवर बोलले असते तर रडू फुटलं असतं, म्हणून दोन रविवार उचललाच नाही. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी बेकरीत जाते. मालक ओळखीचे झालेत, गुणवंतशेट नाव. कालच मी त्यांना पानिस समजावून सांगितला. ते म्हणाले, बाई, तुम्ही इथेच बसा, गिऱ्हाईक वाढेल.

माझं तिकीट काढा. मामांची छत्री घेऊन येते, त्यांना म्हणावं हवी असेल तर टोकियोत येऊन न्या. दुकानातून पानाचे कान आणतेस असं मामा सांगत होते. ते या खेपेला तू आणि हरीश खा. मी आयुष्यभर कडाच खाल्ल्यात. मला मधला तुकडा हवा. आणि मी वाढणार नाही, आधीच सांगून ठेवते. तिघांनी एकदम बसायचं.

तुझी,
लीलावती